उन्ह लागलं म्हणायचं

परवा कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसल्या. पंप सुरू केला, पाणी वरून झिरपत खाली आलं, आणि ओल्या वाळ्याचा वास बैठकीतून स्वयंपाकघरापर्यंत गेला. नागपुरात हा वास आला की उन्हाळा अधिकृतपणे लागला असं समजायचं, मग कॅलेंडर काही म्हणो. लोकांना या वासानं बरं वाटतं. मला आधी तो एक मे महिना आठवतो, आणि बरं वाटायला थोडा वेळ लागतो.

मी शाळेत मराठी शिकवते. मुलांच्या वहीत 'उन्ह' दिसलं की लाल पेनानं 'ऊन' करते, आणि घरी आल्यावर चपला काढता काढता स्वतःच म्हणते, काय उन्ह आहे बाप्पा. शब्द दुरुस्त होतो, जीभ होत नाही. आणि खरं सांगायचं तर ऊन वेगळं, उन्ह वेगळं. ऊन पुण्यात पडतं. थंडीत त्यात बसून पेपर वाचतात. उन्ह मात्र लागतं. इथं एप्रिल ते जून कुणाला काहीही झालं तरी उन्ह लागलेलं असतं. डोकं दुखलं, उन्ह लागलं. पोट बिघडलं, उन्ह लागलं. पाहुण्या जावयानं पानात टाकलं, सुनेनं दिवसभर तोंड फुगवलं, उन्ह लागलं. एवढी सोय दुसऱ्या कुठल्या गावाच्या भाषेत असेल असं वाटत नाही. कुणालाच दोष नाही, कुणालाच लाज नाही, आणि उपाय सगळ्यांना पाठ. कैरीचं पन्हं, खिशात कांदा, डोक्याला ओला दुपट्टा, तळपायाला काशाची वाटी.

आमच्या घरात या शब्दाला आणखी एक अर्थ होता. दिलीपराव, म्हणजे माझे यजमान, आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघंही कळमन्याच्या फळबाजारात हर्रास पुकारायचे. हर्रास म्हणजे लिलाव. एका अडत्याकडे दोघं भाऊ, आलटून पालटून. आंब्याच्या दिवसांत पहाटेपासून पेट्यांच्या रांगा लागतात, पुकारणारा पुढे पुढे सरकत जातो, भोवती खरेदीदारांचा घोळका, आणि बोली चढत जाते. माझे भासरे, म्हणजे हेच थोरले दीर, ज्यांना सगळा बाजार दादा म्हणायचा, त्यांचा आवाज तर शेडच्या पत्र्याला जाऊन आदळायचा. एका मे महिन्यात ते पुकारता पुकारता थांबले, शेडच्या खांबाला हात लावला, खाली बसले, आणि उठले नाहीत. डॉक्टरांनी अटॅक म्हटलं. बाजार म्हणाला, उन्ह लागलं. तेराव्याला आलेल्यांनी दोन्ही म्हटलं, आणि जेवून गेले.

मी सांगते आहे तो मे त्याच्या पुढच्या वर्षीचा.

माझ्या शाळेला सुट्टी लागली होती. सकाळी पन्ह्यासाठी कैऱ्या उकडत ठेवल्या होत्या. दारात ऑटो थांबला, आणि दिलीपरावांना दोघांनी धरून आत आणलं. चेहरा धुतलेल्या धोतरासारखा. हाताची बोटं आत वळून ताठ झालेली, ती उघडेनात. छातीत धडधडून राहिलं, म्हणत होते, श्वास पुरून नाही राहिला, जीव चालला माझा. आणणाऱ्यांपैकी एक म्हणाला, "वहिनी, घाबरू नका. उन्ह लागलं भाऊले."

त्या वेळी उन्ह अजून पत्र्यावरही चढलं नव्हतं. हवेत थोडा गारवासुद्धा होता. हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्या आलं, पण मी बोलले नाही. माझी नणंद म्हणते की सुनंदाचं काळीज माठातलं आहे, बाहेर वैशाख पेटला तरी आत गार. असेल. मी गॅस बंद केला, त्यांना दवाखान्यात नेलं, कार्डिओग्राम काढला, रक्त तपासायला दिलं, आणि बाकावर बसून समोरच्या भिंतीवरचं हृदयाचं चित्र बघत राहिले.

सगळं व्यवस्थित निघालं. हृदय चांगलं, साखर चांगली, डॉक्टरसुद्धा चांगले. ते म्हणाले, "काही नाहीये. टेन्शन घेऊ नका."

हे वाक्य मी त्यानंतर किती जणांकडून ऐकलं ते विचारू नका. टेन्शन घेऊ नका. जसं काही पंगतीत वाढपी टेन्शन घेऊन फिरून राहिला आहे, आणि आपण पानावर आडवा हात धरायचा. घेऊ नका म्हणणारे पुष्कळ. घेतलेलं ठेवायचं कुठं, ते कुणी सांगत नाही.

दोन-तीन दिवसांनी दिलीपराव आपल्या गाडीवर कळमन्याला निघाले. बाजाराच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. म्हणाले, सर्दी आहे, आवाज बसला. त्यानंतर वाटेतल्या पारडीपर्यंत गेले आणि परत आले. त्यानंतर गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत. मग गाडीवर कापड टाकलं. माणसाचं जग असं आवळत जातं, आणि प्रत्येक वेळी त्याला एक साधं कारण असतं. आज ट्रॅफिक होतं, आज पेट्रोल कमी होतं. अडत्या भला माणूस. फोन करून म्हणाला, भाऊ, आराम करा, आंब्याचा सीझन मी कसाबसा काढतो. त्यात न बोललेलं वाक्य असं होतं की सीझन संपल्यावर दुसरा माणूस बघावा लागेल. ते न बोललेलं वाक्य आमच्या दोघांनाही स्पष्ट ऐकू आलं.

तोपर्यंत मला कळलं नव्हतं की पुकारणं हे त्यांचं काम नव्हतं. म्हणजे, कामच होतं, पण माणूस त्यातच राहायचा. घरात ते तसे कमी बोलणारे. भाजीत मीठ कमी असलं तरी न सांगणारे. सगळं बोलणं सकाळी बाजारात होऊन जायचं. आता घरात एक न बोलणारा माणूस चोवीस तास बसलेला, कूलरसमोर, लुंगी वर करून, स्वतःची नाडी धरून. हो, नाडी धरून. टीव्ही बघताना डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं. मला त्याचा राग यायचा. काळजीचा राग असतो तसा, पण राग तो राग.

मग ताई आल्या. वनिताताई, माझी नणंद. दादांहून लहान आणि दिलीपरावांहून मोठ्या, म्हणजे मधल्या. काटोलकडे शेती, संत्र्याची झाडं, गुरं. एसटीतून उतरल्या त्या पिशवीत कांदे, घरच्या तुपाची बरणी आणि काशाची वाटी घेऊन. दारातूनच म्हणाल्या, "काहून गा दिल्या, पोरीसारखा घरात बसून राहिला?"

मग चप्पल काढली, पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत, जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पाय दे इकडे."

"राहू दे नं ताई, तू मोठी आहे."

"मोठी आहे म्हनूनच सांगून राहिली. दे."

ज्यांनी काशाची वाटी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. हातात मावेल एवढी, बुडाला गोल, पिवळसर. तळपायाला तूप लावायचं आणि वाटीचं बूड टाचेपासून बोटांपर्यंत घासत राहायचं. आवाज होतो, खस खस असा. हळूहळू पाय काळा होतो. तूप काळं, वाटी काळी. ती अंगातली गर्मी बाहेर आली, असं आमच्याकडे सगळे मानतात. पाय जितका काळा तितकं समाधान जास्त. दिलीपरावांचे पाय त्या दिवशी कोळशाच्या गोदामातून आल्यासारखे झाले, आणि ताईंनी ते मला अभिमानानं दाखवले. "पाह्य वं सुनंदे, केवढं उन्ह निघालं."

आमची मुलगी सई तेव्हा पुण्याला फिजिओथेरपी शिकत होती. फोनवर म्हणाली, "आई, ती काशाची आणि तुपाची रिॲक्शन आहे. कुणाचेही पाय काळे होतील." मी आपली खात्री करायला माझे पाय पुढे केले. मला काहीही झालेलं नव्हतं. माझेही काळेकुट्ट निघाले.

ताई म्हणाल्या, "तं तुह्यातबी आहे गर्मी. दाखवत नाही एवढंच."

मराठीची शिक्षिका पाय धुवायला मोरीत गेली.

पण एक गोष्ट मी माझ्या कोरड्या डोळ्यांनी पाहिली. वाटी फिरायला लागली की दिलीपरावांची बोटं मनगटावरून सुटायची. आधी खांदे खाली यायचे. आपण खांदे वर ओढून बसलो आहोत हे त्यांना तोवर ठाऊकच नसायचं, मलाही नसायचं. मग जबडा सैल व्हायचा. मग पोट हलायला लागायचं, तान्ह्या मुलाचं झोपेत हलतं तसं. ताई काही समजावत नसत. धीर धर, विचार करू नको, देवाचं नाव घे, यातलं काही नाही. गावाकडच्या गोष्टी सांगायच्या, कुणाची म्हैस आटली, कुणाची विहीर. हात चालू, तोंड चालू. ऐकायलाच पाहिजे असं त्यात काही नव्हतं. मी एकदा म्हटलं, "ताई, तुम्ही त्यांना काही समजावून सांगा नं. तुमचं ऐकतील."

त्या म्हणाल्या, "बुजल्या बैलाले कोनी भाषन देते काय वं? पाठीवर हात फिरवते मानूस."

आता हे सगळं मोबाइलवर आहे. यंदा तर मी पाहते, स्क्रीनवर बोट सरकवलं की एक नवा चेहरा. श्वास घ्या त्याहून लांब सोडा. तोंडावर गार पाणी मारा. ओठ मिटून गुणगुणा. पाय जमिनीवर टेकवा, जमीन कशी लागते ते बघा. अंग झटका. त्यात एका नसेचं इंग्रजी नावही येतं, ते आता आमच्या शाळेतल्या शिपाईबाईंनाही माहीत आहे. मी हसत नाही. यातलं बरंचसं खरं आहे हे मी घरात पाहिलं आहे. फक्त त्या चेहऱ्यांच्या मागे स्वच्छ भिंत असते आणि कुंडीत एक झाड असतं. आमच्याकडे मागे कूलरचा खडखडाट होता, आणि समोर कांद्याच्या वासाचा नवरा.

सई सुट्टीत आली तेव्हा घरात थोडं युद्ध झालं. ती शिकलेली, नवी शिकलेली, आणि बापावर जीव असलेली. पहिल्याच दिवशी जेवताना म्हणाली, "आत्या, बाबांना उन्ह लागलेलं नाही. याला पॅनिक अटॅक म्हणतात. त्याला नाव आहे, त्याला उपाय आहे, आणि लपवायचं काही कारण नाही."

दिलीपरावांचा घास हातातच राहिला. मनगटाकडे दुसरा हात गेला, तो मी पाहिला. ताईंनी भाकरी खाली ठेवली.

"काय म्हनतात?"

"पॅनिक अटॅक."

"म्हनत असतीन," ताई म्हणाल्या. "पन या घरात तो शब्द काढू नको बेटा. अटॅकनं तुह्या मोठ्या बाबाले नेलं. उन्ह लागलं तं उतरते. अटॅक कधी उतरते काय?"

सईनं पानात मान घातली.  मी इतकी वर्षं मुलांना समानार्थी शब्द शिकवते. एका शब्दानं माणसाची छाती आवळते आणि दुसऱ्यानं सैल होते, आजार तोच, हे मी कुठल्या धड्यात शिकवलं नव्हतं. ताईंना काही कळत नव्हतं असं नाही. त्या दिवशी मला समजलं की उन्ह लागलेलं नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. गुरं सांभाळणाऱ्या बाईला भीती ओळखता येत नाही, असं होईल कसं? त्यांनी भावाला असं नाव दिलं होतं ज्याच्यावर घरात इलाज होता. पण सईचंही चुकीचं नव्हतं. नाव झाकून ठेवलं की माणूस आत एकटा राहतो. दोघी आपापल्या जागी बरोबर, आणि मध्ये तो माणूस भाकरीचा तुकडा धरून बसलेला.

युद्ध मिटलं ते कुणी न मिटवता. सईनं 'तो' शब्द सोडला, बापाला तिच्या ओळखीच्या एका डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली, त्यांनी गोळी दिली, बोलायला बोलावलं, आणि ताईंनी त्या गोळीला 'उन्हाची गोळी' म्हणून मान्यता दिली.

एका दुपारची गोष्ट. बाहेर रस्ता ओस, कुत्रीसुद्धा गाड्यांच्या खाली. ताई वाटी घासत होत्या, मी पंख्याखाली पडले होते. दिलीपराव छताकडे बघत म्हणाले, "ताई, दादाले कळलं अशीन का वं, आपुन चाललो म्हनून?"

दादा गेल्यापासून त्या घरात दादांच्या मरणाबद्दल कुणी असं सरळ विचारलं नव्हतं. ताईंचा हात थांबला नाही. त्या म्हणाल्या, "माहीत नाही रे बापा."

आणि दिलीपरावांचे पाय थरथरायला लागले. आधी पाय, मग मांड्या, मग सगळं अंग. दात वाजत होते, नागपूरच्या मे महिन्यात. मी उठले, पाणी आणायला, त्यांना धरायला, सईला हाक मारायला, काहीतरी करायला. ताई म्हणाल्या, "बस खाली. धरू नको त्याले. थरथरू दे."

"अहो पण ताई..."

"आमचा बैल विहिरीत पडला होता. दोर लावून काढला वर. वर आला आन् असाच थरथरला, अर्धी दुपार. माह्या सासऱ्यानं कोनाले हात लावू देला नाही. म्हने, भेव निघून राहिलं त्याच्या अंगातून, अडवू नका."

बोलता बोलता 'भेव' हा शब्द त्यांच्या तोंडून निसटला. भीतीला आमच्याकडे भेव म्हणतात. उन्ह नव्हे, भेव. दोघींनाही ऐकू आला, दोघींनी सोडून दिला. मी खाली बसून राहिले. हात मांडीवर दाबून धरले होते, नाहीतर ते त्यांच्याकडे गेले असते. त्या वेळी मला फार भीती वाटली. माठाबिठाचं काही खरं नाही. विधवा होण्याची साधी, सरळ भीती.

थरथर ओसरली. मग त्यांनी एक जांभई दिली, इतकी मोठी की कानशिलं कडकन वाजली. मागोमाग ताईंनी दिली. मग मी. तिघंही एकमेकांकडे बघत जांभया देत सुटलो, आणि दिलीपराव तिथंच, काळ्या पायांनी, चटईवर झोपून गेले. संध्याकाळी उठले आणि म्हणाले, भूक लागली. भाजीत मीठ कमी आहे असंही म्हणाले.

सईनं नंतर सांगितलं की हे असं होतं, अंगात अडकलेलं असं सुटतं. ती बरंच बोलली, मला त्यातलं अर्धं कळलं. तिनं बापाला श्वासाचं शिकवायला घेतलं. "बाबा, श्वास सोडताना लांब सोडायचा. घ्यायच्या दुप्पट."

"जन्मभर तेच तं करून राहिलो," दिलीपराव म्हणाले. "हर्रास म्हंजे दुसरं काय असते? एका दमात अख्खी रांग."

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. सई तर उडालीच. मग रोज संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, जमीन वाफाळून गार व्हायची, आणि अनवाणी उभं राहून बापानं हर्रास पुकारायचा, असा कार्यक्रम सुरू झाला. पेट्या नाहीत, तर घरातल्या वस्तू. पहिल्या दिवशी आवाज फाटका निघाला. दुसऱ्या दिवशी जरा बरा. त्यांनी शेजाऱ्यांची सायकल विकली, आमचा जुना कूलर विकला, मग सईनं फूस लावल्यावर बायको पुकारायला काढली. "मराठीची बाई, माल टिकाऊ, जरा कडक." ताईंनी बोली लावली ती एका कोहळ्याची. एवढ्यावर सौदा पक्का झाला. मी रागावल्याचं दाखवलं. खरं म्हणजे तो आवाज ऐकता ऐकता माझे खांदे खाली आले. म्हणजे मीही खांदे वर ओढूनच हिंडत होते.

गच्चीवर आवाज आला, पण गच्ची म्हणजे कळमना नव्हे. तिथं तो खांब होता.

नवतपा लागला, वर्षातले सर्वात तापलेले दिवस. पेरणीपूर्वीची कामं निघाली म्हणून ताई गावाला परतल्या. आंबा संपत आला होता. अडत्याचा फोन आला नव्हता, आणि न आलेला फोन फार मोठ्यानं वाजत होता. एका पहाटे दिलीपराव उठले, दाढी केली, दुपट्टा ओला करून मानेला गुंडाळला आणि मला म्हणाले, "तू चाल संग."

मी याआधी कधी बाजारात गेले नव्हते. ऑटोत ते बोलले नाहीत. ओठ मिटून बारीक गुणगुणत होते, सूर असा काही नव्हता, कूलरच्या मोटरीसारखा एकच स्वर. फाटक आलं. उतरले. शेडमध्ये गेलो. उकिरड्याचा, पिकल्या आंब्याचा, घामाचा वास. लोकांनी राम राम घातला, कुणी पाठीवर थाप मारली, कुणी म्हणालं, उतरलं का गा उन्ह? पेट्यांची पहिली रांग लागली होती, नेमकी त्या खांबापासून. मला कुणी दाखवला नाही, पण त्यांची नजर ज्याला टाळत होती तो खांब कोणता ते समजायला वेळ लागला नाही.

दिलीपराव पहिल्या पेटीपाशी उभे राहिले. झाकण उघडलं. तोंड उघडलं. आवाज आला नाही.

घोळका उभा होता. पुन्हा तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा दिसत होत्या. बोटं वळायला लागली, मी लांबून पाहिलं. मी पुढे जाणार होते, गेले नाही. अडत्या गर्दीच्या मागून हात करत होता की बाजूला घ्या, दुसरा उभा राहील. आणि दिलीपराव तिथंच खाली बसले. क्षणभर सगळ्या बाजाराचा श्वास अडकला असणार, कारण तिथल्या प्रत्येकानं एका माणसाला त्याच जागी बसताना पाहिलं होतं. "उन्ह लागलं, पाणी आना," कुणीतरी ओरडलं.

"उन्ह नाही लागलं," दिलीपराव म्हणाले. आवाज बारीक, पण ऐकू आला. "मले भेव लागून राहिलं. दादा इथं गेला. मले भेव लागून राहिलं."

भर बाजारात, बायकोसमोर, धंद्याच्या माणसांत, पन्नाशीच्या पुरुषानं हे म्हटलं. मला लाज वाटेल असं मला वाटलं होतं. वाटली नाही. असा माणूस माझ्या वाट्याला आला याचा त्या एका क्षणाइतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता.

 मग एक म्हातारा खरेदीदार, ज्याचं नाव मला आजही माहीत नाही, एक रिकामं कॅरेट उलटं करून त्यांच्याजवळ सरकवत म्हणाला, "मंग बसून पुकार नं गा. आमाले कुठं जा लागते?" आणि स्वतःही बाजूच्या कॅरेटवर बसला. आणखी एक बसला. पाहता पाहता अर्धा घोळका उकिडवा बसला, लग्नात जेवायला बसल्यासारखा. मागून कुणीतरी म्हणालं, मले बी लागते भेव, दादा गेल्यापासून या खांबापाशी मी उभाच नाही राहत. दुसरा म्हणाला, मी बी नाही.

दिलीपरावांचे पाय थरथरत होते. त्यांनी ते थांबवले नाहीत. थरथरू दिले. लांब श्वास सोडला, अगदी लांब, आणि त्याच श्वासावर पहिली बोली पुकारली.

अजूनही ते बसूनच पुकारतात, कॅरेट पुढे पुढे सरकवत. नवे लोक समजतात, गुडघे गेले असतील. अजूनही कधी कधी, विशेषतः या दिवसांत, बोटं मनगटाकडे जातात. आजार असा कूलरसारखा बंद होत नाही. पण आता घरात विचारलं की ते सरळ सांगतात, आज भेव आहे थोडं. मग कुणी टेन्शन घेऊ नका म्हणत नाही. पाय द्या इकडे, असं आम्ही म्हणतो.

त्या सकाळी हर्रास चालू झाल्यावर मी शेडच्या बाहेर आले आणि ताईंना फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला, जणू हातातच धरून बसल्या होत्या.

"पुकारलं त्यानं?"

"पुकारलं ताई. बसून पुकारलं. ऐका." मी फोन शेडच्या दिशेनं धरला. आवाज येत होता, एका दमात, रांगभर.

परत कानाला लावला तर तिकडे काहीच नाही. मला वाटलं, रेंज गेली.

"ताई?"

"आहे मी," त्या म्हणाल्या.  "सुनंदे, दादा गेला तवापासून मी रडलीच नाही वं. म्हटलं, मी रडली तं हा खचन. मंग हाबी जाईन. म्हनून हात चालू ठेवले नुसते."

 मी म्हटलं, "आता रडा ताई."

"ठेव मंग फोन."

मी ठेवला नाही. कळमन्याच्या त्या गोंगाटात एक कान हातानं झाकला, दुसऱ्याला फोन लावला, आणि त्यांचं रडणं संपेपर्यंत उभी राहिले.